तात्पुरत्या वर्गाची मुदत

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मागील दोन खेपांप्रमाणे एखादी पाककृती देऊन मोकळे व्हावे असाच माझा विचार होता. परंतु त्याच सुमारास एक निराळी गोष्ट घडली. माझी मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी. ए. ला आहे. पार्लमेंटातील प्रश्नोत्तराच्या तासावर तिला टिपण करावयाचे होते. मी मेथी निवडीत बसले होते आणि ती जवळ बसून मोठ्याने वाचीत होती. विलायतेच्या पार्लमेंटात १९४६ - ४७ साली शाळांच्या तात्पुरत्या वर्गांविषयी मंत्र्यांना प्रश्न विचारले जात होते, असे तिने वाचले आणि माझा हात थांबला. "तात्पुरत्या वर्गांविषयी? पार्लमेंटात?" मी विचारले. "हो आई, पुष्कळ वेळा," ती म्हणाली.

माझा हात का थांबला ते आधी सांगते, म्हणजे एका सातवी शिकलेल्या बाईने विलायतेचा इतिहास का लिहावा, हा प्रश्न भगिनींना पडणार नाही.

आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत होती. आठवीचा वर्ग गावातच सुरू व्हावा म्हणून गावकऱ्यांनी खटपट केली आणि शाळेच्या मागे पत्र्याची एक शेड उभी राहिली. "हे तात्पुरते आहे, पुढे खोली बांधू," असे सर्वजण म्हणत. मी सातवी पास झाले १९९२ साली. त्या उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने पत्रे उडाले, एक तर पार ओढ्यापलीकडे सापडला. जूनमध्ये शेड पुन्हा उभी राहिली नाही. मुलगे सायकलवर दुसऱ्या गावी जाऊ लागले. आम्ही पाच मुली होतो, आमचे शिक्षण तेथेच थांबले. वडिलांना मी दोष देत नाही. सहा किलोमीटर वाट, मध्ये ओढा, आणि मुलीची जात. त्यांना जे सुचले ते त्यांनी केले. पण आठवी म्हटले की मला अजून तो ओढ्यापलीकडचा पत्रा दिसतो.

तर आता विलायतेकडे वळू.

प्रश्न विचारण्याची पद्धत कशी असते हे मला मुलीने समजावून दिले, ते थोडक्यात सांगते. सभासदाने आपला प्रश्न आगाऊ लिहून द्यावयाचा. मंत्री ठरलेल्या दिवशी उभे राहून उत्तर देतात. ते उत्तर खात्यातील अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते, त्यात फारसे काही हाती लागत नाही. खरी मौज पुढे असते. उत्तर झाले की सभासद त्याला धरून उपप्रश्न विचारतो, आणि तो काय असेल हे मंत्र्याला आधी ठाऊक नसते. आपल्याकडे लोकसभेत तारांकित प्रश्न म्हणतात ते हेच. ज्याला तारा नाही त्याचे उत्तर नुसते लेखी मिळते. हे सगळे बोलणे शब्दन् शब्द छापून ठेवतात. विलायतेत त्या ग्रंथांना हॅन्सार्ड म्हणतात. आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात सरकारला प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला. उपप्रश्न विचारू देण्यास १९०९ साल उजाडले, आणि तोही ज्याचा मूळ प्रश्न त्यालाच. साध्या प्रश्नाला सरकार एवढे का भीत होते, हे पुढील हकीकत वाचली की ध्यानात येते.

दुसरे महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, बटलर या शिक्षणमंत्र्यांनी तेथे शिक्षणाचा मोठा कायदा करून घेतला. माध्यमिक शिक्षण सर्वांस मोफत झाले आणि मुलामुलींनी शाळा सोडण्याचे वय चौदाचे पंधरा करावे असे ठरले. एका वर्षाची तर वाढ, असे वाटेल. पण चौदाव्या वर्षी गिरणीत किंवा दुसऱ्याच्या घरी कामाला लागणाऱ्या मुलीला ते एक वर्ष केवढे असते, हे आपल्यासारख्यांना निराळे सांगावयास नको. मूळ तारीख होती १ एप्रिल १९४५. युद्धामुळे ती पुढे ढकलून १ एप्रिल १९४७ करण्यात आली. कायद्यात त्यापलीकडे ढकलण्याची सोय नव्हती.

आता अडचण पाहा. बाँबहल्ल्यांत हजारो शाळा पडल्या किंवा मोडल्या होत्या. युद्धाच्या वर्षांत नवीन बांधकाम जवळजवळ बंद होते. शिक्षक सैन्यात गेलेले. आणि आता आणखी एका अख्ख्या इयत्तेची मुले शाळेत राहणार, त्यांना बसवावयाचे कोठे? लाकूड, पोलाद, सिमेंट, गवंडी, सगळ्यांची टंचाई, आणि जे मिळेल त्यावर पहिला हक्क घरांचा. घरेसुद्धा तात्पुरतीच बांधीत होते. कारखान्यात भाग तयार करून जागेवर जोडावयाची, अशी दीड लाखांवर छोटी घरे सरकारने उभी केली. ती दहा वर्षांसाठी म्हणून होती. त्यांतील पुष्कळ घरांत माणसे पुढे कितीतरी वर्षे राहत होती. अन्नाची स्थिती अशी, की युद्ध चालू असताना पावावर रेशन नव्हते, ते युद्ध संपल्यावर, जुलै १९४६ मध्ये, लागू झाले! जिंकलेल्या देशातील गृहिणी पावाची कुपने मोजीत होत्या.

अशा वेळी शाळांसाठी जी तोड निघाली तिचे नाव हॉर्सा. ‘शाळा सोडण्याचे वय वाढविण्यासाठी झोपड्या उभारण्याची मोहीम’ अशा अर्थाच्या लांबलचक इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे आहेत. युद्धात सैनिक वाहून नेणाऱ्या एका ग्लायडर विमानाचे नावही हॉर्साच होते, तेव्हा लोकांच्या तोंडी ते लवकर बसले असावे. सिमेंट काँक्रीटचे सांगाडे आयते ओतून आणावयाचे, शाळेच्या मैदानात उभे करावयाचे, वर अॅस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे टाकावयाचे, की झाले वर्ग. काही ठिकाणी सुतारकामाच्या आणि मुलींच्या गृहकृत्याच्या खोल्याही याच पद्धतीने केल्या. वर्ग कोठे हवेत ते शिक्षणखात्याने सांगावयाचे आणि उभारावयाचे काम बांधकामखात्याने करावयाचे, अशी वाटणी होती. दोन जावांकडे एक स्वयंपाक दिला म्हणजे जे होते ते येथेही झाले. मीठ घालावयाचे कोणी?

शिक्षणमंत्री होत्या एलन विल्किन्सन. या बाईंविषयी मला अधिक लिहिलेच पाहिजे. मँचेस्टरच्या कष्टकरी घरातील मुलगी, शिष्यवृत्तीवर विद्यापीठापर्यंत गेलेली. उंचीने अगदी लहान, केस तांबडे आणि विचारही तांबडे, म्हणून लोक ‘रेड एलन’ म्हणत. जॅरो या गावातील बेकार कामगार १९३६ साली लंडनपर्यंत पायी गेले, त्या मोर्चात तेथील सभासद म्हणून या त्यांच्याबरोबर चालल्या होत्या. आपला आणि त्यांचा एक संबंध आहे. इंडिया लीगने १९३२ साली हिंदुस्थानची स्थिती पाहण्यासाठी जे शिष्टमंडळ पाठविले, त्यात त्या होत्या. कृष्ण मेननही होते. गांधीजी तेव्हा आपल्या पुण्याजवळ येरवड्याच्या तुरुंगात होते. तेथे बाईंनी त्यांची भेट घेतली. १९४५ साली ॲटली यांचे सरकार आले आणि या बाई शिक्षणमंत्री झाल्या. तेथील शिक्षणखात्यावर बसलेली ही पहिली स्त्री, आणि त्या मंत्रिमंडळात एकटीच स्त्री. शाळेतील मुलांना रोज फुकट दूध १९४६ पासून मिळू लागले, ते यांच्याच कारकीर्दीत.

प्रश्नांचा मारा होत होता तो या बाईंवर. किती वर्ग मंजूर झाले? किती सुरू झाले? पुरे किती झाले? अमुक जिल्ह्यात एकही का नाही? लाकूड मिळत नसेल तर तारीख का ढकलीत नाही? विरुद्ध पक्षाचे विचारीत आणि स्वपक्षाचेही विचारीत. त्यात गंमत अशी, की विचारणारे स्वतःच तात्पुरत्या वर्गात बसले होते! मे १९४१ मध्ये बाँब पडून कॉमन्स सभेचे दालन जळून गेले होते. तेव्हापासून १९५० च्या ऑक्टोबरात नवे दालन होईपर्यंत हे सभासद लॉर्डांच्या सभागृहात बसत आणि लॉर्ड मंडळी दुसऱ्या खोलीत. फरक इतकाच, की लॉर्डांच्या सभागृहावर पत्रे नव्हते.

‘मंजूर’, ‘सुरू’ आणि ‘पुरे’ हे तीन शब्द भगिनींनी नीट ध्यानात घ्यावेत. कारण मंत्री मंजूर झाल्याचा आकडा सांगत, तो मोठा असे. उपप्रश्न विचारणारा पुऱ्या झालेल्यांचा आकडा मागे, तो लहान असे. आमच्या गावची आठवीची खोलीही मंजूर होती म्हणतात.

तारखेचा हिशेब बाईंनी मात्र पक्का केलेला होता. १ एप्रिलला कायदा लागू झाला म्हणून २ एप्रिलला लाखो मुले दारात येऊन उभी राहत नाहीत. वयाचे चौदावे पुरे झाले तरी मूल त्या सत्राच्या अखेरीस शाळा सोडते. म्हणजे ईस्टरपर्यंत ज्यांना चौदा पुरी झाली ती सुटली. त्यानंतर ज्यांना होतील ती राहणार. त्यामुळे पहिली खरी गर्दी सप्टेंबर १९४७ मध्ये, आणि पुरी इयत्ता भरावयास १९४८ चा सप्टेंबर. तेवढ्या अवधीत झोपड्या तयार होतील, असा त्यांचा भरवसा होता. शिक्षकांसाठी एक वर्षाचा तातडीचा अभ्यासक्रम काढला होता. सैन्यातून परतलेले स्त्रीपुरुष त्यात घेतले, आणि काही वर्षांत असे सुमारे ३५,००० शिक्षक तयार झाले.

तरी जानेवारी १९४७ मध्ये मंत्रिमंडळातच तारीख पुढे ढकलण्याचा विषय निघाला. कामाला माणसे कमी, तेव्हा चौदा वर्षांची मुले कारखान्यांना हवी होती. बाईंनी तेथे निकराने विरोध केला. ढकलले तर तोटा कोणाचा? श्रीमंतांची मुले तशीही अठरापर्यंत शिकतातच. तारीख कायम राहिली.

तो हिवाळा विलायतेने कधी पाहिला नव्हता असा कडक होता. हिमवर्षाव, कोळशाचा तुटवडा, गाड्या बंद, कारखाने बंद. बाईंना दम्याचा विकार. २५ जानेवारीला एका नाट्यशाळेच्या उद्घाटनास त्या गेल्या, ती इमारतही बाँबने फुटलेली, आणि थंडी हाडे गोठविणारी. त्या आजारी पडल्या आणि ६ फेब्रुवारी १९४७ रोजी वारल्या. वय ५५. तारखेला आठ आठवडेही उरले नव्हते.

त्यांच्या जागी आले जॉर्ज टॉमलिन्सन. हे गृहस्थ कोण? तोपर्यंत बांधकामखात्याचे मंत्री! म्हणजे ज्या खात्याने झोपड्या बांधावयाच्या त्याचे प्रमुख. काल ज्यांच्याकडे बोट दाखविता येत होते त्यांनाच आता उत्तर द्यावयास उभे राहावे लागले. मला हे वाचून हसू आले; पण पुढचे वाचल्यावर ओसरले. टॉमलिन्सन लँकेशायरच्या विणकराचे मूल, बाराव्या वर्षी गिरणीत कामाला लागलेले. पंधरा वर्षांपर्यंत सर्व मुलांना शाळेत ठेवण्याचे काम अशा माणसाच्या हाती आले. १ एप्रिल १९४७ ला वय वाढले, ते पुन्हा उतरले नाही. झोपड्या वेळेच्या मागे होत्या. काही ठिकाणी देवळाच्या सभागृहात, काही ठिकाणी भाड्याच्या खोलीत मुले बसविली. पण मुले शाळेत राहिली.

येथे मला जरा वाद घालावयाचा आहे. माझी मुलगी म्हणते की झोपड्या हा सरकारचा नाकर्तेपणा होता. मला तसे वाटत नाही. पक्की इमारत होईपर्यंत थांबले असते तर त्या वर्षीच्या चौदा वर्षांच्या मुली गिरणीत गेल्या असत्या आणि नंतर बांधलेली सुंदर इमारत त्यांच्या काय कामाची? पत्र्याखाली का होईना, आठवी झाली असती तर मी नको म्हटले नसते. दोष आहे तो पुढचा.

पुढे असे झाले, की युद्धानंतर बाळंतपणे वाढली. १९४७ साली जन्मलेल्या मुलांची संख्या मोठी होती, ती १९५२ च्या सुमारास शाळेच्या दारात आली. झोपड्या मोकळ्या होण्याऐवजी अधिकच भरल्या. आणि एकदा का झोपडीत तीस मुलांची सोय आहे असे कागदावर लागले, की त्या शाळेला जागेची गरज नाही असे ठरते. हातची पातेली गळकी असली तरी ‘घरात पातेली आहे ना’ म्हणून नवी घेत नाहीत, तसे. काही झोपड्या पन्नास-साठ वर्षे टिकल्या. उन्हाळ्यात तापणाऱ्या, हिवाळ्यात गारठणाऱ्या. ज्या अॅस्बेस्टॉसचे त्या काळी कौतुक होते, त्याची धूळ फुप्फुसाला घातक असल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि ते पत्रे जपून, तोंडाला मुखवटे बांधून उतरवावे लागले.

आयते भाग जोडून बांधणे म्हणजे वाईटच, असेही नाही बरे का. हर्टफर्डशायर नावाच्या परगण्यात त्याच टंचाईच्या काळात तेथील वास्तुशास्त्रज्ञांनी कारखान्यात केलेल्या भागांतूनच शाळा उभारल्या, पण मुलाच्या उंचीला खिडकी, मुलाच्या हाताला नळ, रंग उजळ, असा विचार करून. दहा वर्षांच्या आत अशा शंभराच्या आसपास शाळा झाल्या आणि त्या पाहावयास परदेशचे लोक येत. सामान तेच, टंचाई तीच.

वय पंधराचे सोळा करण्याची पाळी आली तेव्हा पुन्हा हाच खेळ झाला. ते आधी १९७० च्या सुमारास व्हावयाचे होते. पैशाच्या ओढीमुळे १९६८ साली दोन वर्षे पुढे गेले, आणि त्यावरून लॉर्ड लाँगफर्ड या मंत्र्याने राजीनामा दिला. अखेर सप्टेंबर १९७२ मध्ये वय सोळा झाले. त्या वेळी शिक्षणमंत्री होत्या मार्गारेट थॅचर. पुन्हा बाईच. मात्र सात वर्षांवरील मुलांचे फुकट दूध १९७१ साली यांनीच बंद केले. शाळाशाळांतून पुन्हा घाईघाईने आयते वर्ग उभे राहिले आणि तेही पुष्कळ ठिकाणी दशकानुदशके हलले नाहीत.

अगदी अलीकडची गोष्ट. युद्धानंतरच्या काळात शाळांच्या छपरांसाठी एक हलके, आतून जाळीदार असे काँक्रीट वापरले होते. त्याचे आयुष्य सरले. २०१८ साली केंट परगण्यात एका प्राथमिक शाळेचे छप्पर कोसळले. सुट्टीचा दिवस, म्हणून मुले वाचली. ३१ ऑगस्ट २०२३ रोजी, शाळा उघडण्यास तीनचार दिवस असताना, सरकारने शंभराहून अधिक शाळांना त्या छपराखालच्या खोल्या बंद करण्यास सांगितले. फेब्रुवारी २०२४ पर्यंत असे काँक्रीट सापडलेल्या शाळा आणि महाविद्यालयांचा आकडा २३४ झाला. मुले मंडपात, शेजारच्या शाळेत आणि पुन्हा आयत्या वर्गांत बसली. आणि पार्लमेंटात पुन्हा प्रश्न आले: तात्पुरते वर्ग किती मागविले? किती पोचले? २०२३ सालीच तेथील सरकारी हिशेब तपासनिसांनी अहवाल दिला होता, की मोठी दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी हवी अशा शाळांत सुमारे ७ लाख मुले शिकत आहेत. इतका श्रीमंत देश!

आपल्याकडे काय? गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले, ते १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. शाळा कोठे आहेत, पैसा कोठे आहे, हेच तेव्हाही विचारले गेले. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला. तारीख तीच, १ एप्रिल! त्या कायद्याच्या जोडपत्रात लिहिले आहे की प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली हवी आणि इमारत सर्व ऋतूंत टिकणारी हवी. आठवीपर्यंतचे शिक्षण आता त्यात आले. माझ्या वेळी नव्हते.

भगिनींनो, आपल्या वस्तीतील शाळेच्या मागील अंगाला पत्र्याचे दोन वर्ग आहेत, ते आपण सर्वजणी पाहतो. हळदीकुंकवाला गेलो तेव्हा तेथेच बसलो होतो आणि एप्रिलच्या उन्हात पाच मिनिटांत बाहेर आलो. मुले पाच तास बसतात. ते वर्ग उभे राहिले तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. ती आता बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. शिक्षिकांची तक्रार नाही. त्या बिचाऱ्या पत्र्यावर ओली गोणपाटे टाकून शिकवितात.

आमदारांना द्यावयाचे एक निवेदन मी मुलीकडून लिहून घेतले आहे. येत्या अधिवेशनात त्यांनी विधानसभेत प्रश्न विचारावा अशी विनंती त्यात आहे. खोली मंजूर आहे काय, असे आम्ही विचारलेले नाही. प्रश्न तीन आहेत: हे वर्ग तात्पुरते म्हणून कोणत्या तारखेस उभारले, त्यांची मुदत कोणत्या तारखेस संपते, आणि त्या तारखेला मुले कोठे बसतील. आतापर्यंत ४१ सह्या झाल्या आहेत. कागद माझ्याकडे आहे. दुपारी दोन ते चार मी घरीच असते.